एक रिंग वाजली तर शेंगोळे

घोडेगावच्या बैलबाजारात सौदा चाललेल्या दोन माणसांच्या हातावरचा रुमाल मी एकदा उचलला होता. वाऱ्यानं उडत होता म्हणून नव्हे, आत काय चाललंय ते नीट दिसत नव्हतं म्हणून. तेव्हा मी काही अजाण नव्हते. पन्नाशी दारात येऊन उभी होती, पुण्यात एका वकिलांच्या कचेरीत मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करायची नोकरी होती, आणि आपल्याला माणसं चटकन कळतात असा एक पक्का समज होता. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, आजी, खरंच उचललास? उचलला. कोपरा धरून, दोन बोटांनी.

ज्यांनी बैलबाजार पाहिलेला नाही त्यांना यात एवढं काय ते कळायचं नाही. म्हणून आधीपासून सांगते.

निघण्याआधी

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं आणि मोबाईल फोन नुकता आला होता. विटेएवढा असायचा. आपण कोणाला फोन केला तर पैसे पडत, आणि कोणी आपल्याला केला तरी पैसे आपल्यालाच पडत. त्यामुळे ज्यांच्या हातात तो होता तेही वाजला की उचलायला कचरत. लोकांच्या या काटकसरीवर दोन कंपन्यांचा डोळा गेला. त्यांनी फोन ठेवायची एक डबी काढली. फोन उचलायचाच नाही. तो किती वेळा वाजून थांबला ते डबी मोजणार आणि ठरलेला दिवा लावणार. एकदा वाजला तर हिरवा, म्हणजे घरी पोचलो. दोनदा वाजला तर लाल, म्हणजे उशीर होतोय.

कंपन्यांची नावं सांगत नाही. कचेरीत आम्ही एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणत असू, कारण भांडायच्या अगदी सख्ख्या जावांसारख्या. थोरलीनं या युक्तीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे ही रीत माझी, मला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं वापरायची नाही, असा सरकारी हक्क. धाकटीनं तशीच डबी काढली. थोरली कोर्टात गेली आणि धाकटीच्या डब्या बनवण्यावर मनाई हुकूम घेऊन आली. आमचे वकीलसाहेब धाकटीच्या बाजूनं होते.

आता जावांच्या भांडणात भांडी तिसऱ्याचीच फुटतात. धाकटीच्या डब्यांच्या आतलं सर्किट नगरच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये बनायचं. शेड मिलिंद साळवे नावाच्या तरुणाची. डिप्लोमा केलेला, चांगली नोकरी सोडून यात उतरलेला. त्याच्याकडे सोल्डरिंगच्या कामाला आसपासच्या वस्त्यांवरच्या मुली होत्या. मनाई आली आणि काम थांबलं. मुली रोज यायच्या, टेबलं पुसायच्या, परत जायच्या. पुढच्या सुनावणीला मनाई उठली नाही तर त्यानं शेड सोडायचं ठरवलं होतं, आणि सुनावणी आठवड्यावर आली होती.

याच मिलिंदनं कचेरीत बसून सहज सांगितलं की रिंगा मोजून निरोप देणं ही काही थोरलीची अक्कल नाही, आमच्याकडचे हेडी हे गावात फोन आल्यापासून करतात असं ऐकलंय. हेडी म्हणजे जनावरांचे व्यापारी. साहेब खुर्चीत सरळ झाले. थोरलीनं अर्ज करायच्या आधीपासून हे चालत असेल तर पेटंट टिकणार नाही, म्हणाले. कोणीतरी जाऊन त्या लोकांचे जबाब लिहून आणा.

कोणीतरी म्हणजे मीच. साहेब मला सूचना देत होते तेव्हा ती शहाणी बाई, म्हणजे मी, मान डोलवत होती आणि मनात प्रवासाला दशम्या कराव्या की धपाटे याचा विचार करत होती. सूचनेतला एक महत्त्वाचा शब्द असा दशम्यांच्या पिठात गेला. तो पुढे राहात्याला सापडला.

घोडेगाव

मिलिंद मला नगरच्या स्टँडवर भेटला आणि तिथून आम्ही बाजार गाठला. थंडीचे दिवस होते, पण घोडेगावच्या माळावर ऊन चांगलं चटकत होतं. नजर जाईल तिथपर्यंत बैल. शिंगं तासलेली, हिंगूळ लावलेली, गळ्यात घुंगरं. मधून टेम्पोवाले हॉर्न वाजवत वाट काढत होते आणि बैल त्यांना जराही जुमानत नव्हते. एका बाजूला गुळाची जिलेबी आणि शेव यांची पालं. जिलेबी घेतली आणि पहिल्याच घासाला कागदासकट अर्धी एका म्हाताऱ्या गाईनं नेली. तिचा मालक म्हणाला, खाऊ द्या, ती बी बाजारालाच आलीय.

मला नवल वाटलं ते शांततेचं. आवाज भरपूर होता, पण भावाचा एक शब्द कानावर येत नव्हता. आमच्याकडे पुण्यात कोथिंबिरीची जुडी घेतली तरी ती केवढ्याला पडली ते अख्ख्या मंडईला कळतं. इथं बैलजोडी विकली जाते आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता नसतो. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात घेतात, वरून रुमाल किंवा उपरणं टाकतात, आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा चालू. मधेच एक जण मान हलवतो, दुसरा पुन्हा बोटं धरतो. जमलं तर रुमाल निघतो.

ज्यांना भेटायचं ते किसनआबा असाच सौदा करत होते. साठीचे, पुणतांब्याचे, डोक्याला तांबडं पागोटं. मिलिंद लांब थांबला. मी पुढे गेले. जबाबात 'खुणांची पद्धत' असं सविस्तर लिहायला हवं आणि न पाहता कसं लिहायचं, असा विचार त्या शहाणीनं केला, आणि रुमाल उचलला.

समोरच्या गिऱ्हाइकानं विंचू चावल्यासारखा हात ओढून घेतला. माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि गर्दीत चालता झाला. आबांनी रुमाल झटकला, चार घड्या घातल्या, खांद्यावर टाकला.

"बाई," ते म्हणाले, "ह्ये काय कालवनावरचं झाकन हाय व्हय?"

सौदा मोडला होता. मिलिंद धावत आला. मी माफी मागितली, तीही पुण्याच्या शुद्ध भाषेत, जी तिथं आणखीच वेडगळ वाटली असणार. पण मिलिंदचे वडील राहात्याला रेडिओ दुरुस्त करायचे आणि आबांचा रेडिओ त्यांच्याच हातचा होता. त्या ओळखीखातर आबांनी आम्हाला चहाच्या पालाकडे नेलं. जोडीचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, उद्या कोपरगावकडं एक गिऱ्हाईक हाय, तिकडं दावतो, न्हाईतर आनतो घरी माघारी.

मग त्यांनी रीत सांगितली. पुणतांब्यात भानुदासशेठच्या किराणा दुकानात फोन बसला तेव्हापासूनची ही रीत. आबा बाजाराच्या गावाहून संध्याकाळी दुकानाचा नंबर फिरवायचे. एकदा वाजवून ठेवला तर जोडी गेली नाही, माघारी आणतोय, वैरणीची सोय करा. दोनदा वाजवला तर जोडी गेली. तीनदा वाजवला तर गेली आणि दुसरी घेतली. फोन कोणी उचलायचा नाही, म्हणजे पैसेही पडायचे नाहीत. शेठ मोजणार आणि गोठ्याच्या गड्याला नुसतं एवढंच सांगणार की कडबा काढ किंवा काढू नको. आबांच्या बोलण्यात अभिमान होता. बोटांची रीत बापानं शिकवली, रिंगांची आमची आमी काढली, म्हणाले.

हे सगळं लिहून घेतलं असतं आणि उठले असते तरी पुष्कळ होतं. पण मी माझ्या पदरचा एक प्रश्न घातला. ही रीत आणखी कोणाला माहीत होती?

आबा ताठ झाले. "तिसऱ्या कानाला ठाव न्हाई. मी आन् शेठ. आमच्या मंडळींना बी न्हाई."

ते वाक्य मी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला वाटलं, जितकं गुप्त तितकं अस्सल.

राहाता

मुक्काम मिलिंदच्या घरी होता. दोन खोल्या, समोर पेरूचं झाड, भिंतीवर बुद्धाचं चित्र, आणि खिडकीशी वडिलांचं जुनं टेबल, ज्यावर अजून रेडिओचे सांगाडे मांडून ठेवलेले. त्याची आई अंगणवाडीत होती. त्यांनी मला आल्याआल्या ताई म्हटलं आणि पहिल्या अर्ध्या तासात माझ्या सुना, जावई, गुडघे यांची चौकशी करून घेतली. राहात्याचा पेरू पुण्यात मिळतो तो निराळा आणि झाडावरून काढून मीठ-तिखट लावलेला निराळा. मी खाताना मोजले नाहीत, त्यांनीही मोजले नसावेत अशी आशा आहे.

जेवताना आईंनी विचारलं, कामाचं काही झालं का? मिलिंद म्हणाला, मावशींनी जबाब पक्का घेतलाय. त्या म्हणाल्या, शेड गेली तर हा परत कुठंतरी नोकरीला लागेल, त्याचं मला काही वाटत नाही. त्या मुलींच्या घरी मात्र पुन्हा कोणी त्यांना कामाला धाडणार नाही. पहिल्यांदा धाडायलाच हा किती उंबरे झिजवून आला होता.

त्यानंतर आम्ही कोपऱ्यावरच्या बूथमध्ये गेलो. मी वकीलसाहेबांच्या घरी फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य जरा सावकाश वाचलं.

बूथमधलं मीटर टकटक पुढे सरकत होतं.

"म्हणजे हे दोघांचं गुपित होतं," साहेब म्हणाले.

"अगदी गुपित," मी म्हटलं.

"बाई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? लोकांत चालत होतं असं पाहिजे. लोकांत. दोघांनी दडवून ठेवलेली गोष्ट कोर्ट धरणार नाही. हा कागद थोरलीच्या हाती लागला तर ती फ्रेम करून लावेल."

'लोकांत'. हाच तो दशम्यांच्या पिठात गेलेला शब्द. मी बूथमधून बाहेर आले आणि मिलिंदला सांगितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, चला मावशी, उद्या पुणतांब्याला जाऊन शेठना विचारू. ते काही निराळं सांगतील.

पुणतांबा

शेठनी निराळं सांगितलं नाही. उलट दुकानात आम्ही आणि ते असे तिघंच असताना त्यांनी आवाज इतका खाली नेला की मला गुळाच्या ढेपेवर ओणवं व्हावं लागलं. आबाची गोष्ट माझ्याजवळ म्हणजे विहिरीत, म्हणाले. दुकानाबाहेर बाकावर चार-दोन माणसं बसली होती. त्यांनाही विचारलं. फोन वाजतो हे त्यांना मान्य होतं. का वाजतो ते आमाला काय ठाव, असं म्हणून ती नदीकडे बघत बसली. गोदावरीला थंडीत पाणी बेताचं, मधे वाळूचे पट्टे, घाटाच्या पायऱ्यांवर दोन बाया गोधड्या आपटत होत्या. बघण्यासारखं तिथं फारसं काही नव्हतं, तरी ती बघत राहिली.

मी निराश होऊन आबांच्या घरी गेले. मोडलेल्या सौद्याची माफी त्यांच्या घरी मागावी, एवढंच उरलं होतं. आबा कोपरगावहून यायचे होते. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी पाणी दिलं, आमची विचारपूस केली आणि जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून बजावलं. बोलता बोलता चुलीपुढे तयारी चालली होती. एका ताटात किसलेला गूळ होता, दुसऱ्यात हुलग्याचं पीठ. दोन्ही समोर ठेवून त्या नुसत्या बसल्या होत्या. मला वाटलं, पाहुण्यांना काय रांधावं असा पेच पडला असेल. म्हणून मी सांगितलं, मला काहीही चालतं. त्या म्हणाल्या, थांबा वाईच.

दिवस कलला होता. गल्लीच्या टोकाला शेठच्या दुकानात फोन वाजला. एकदा. थांबला.

सगुणाबाईंनी गुळाचं ताट उचलून फडताळात ठेवलं, पिठात लसूण-तिखट घातलं आणि मळायला घेतलं.

"गोडाचं काय झालं?" मी विचारलं.

"बैल न्हाई गेले आज," त्या म्हणाल्या. "एकदाच वाजली न्हवं? एक वाजली तर शेंगोळे. दोन वाजल्या की गुळाची पोळी."

मी मिलिंदकडे पाहिलं. तो हातात पाण्याचा तांब्या तसाच धरून उभा होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानातला फोन अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. फोन बसल्यावर आबांच्या पहिल्या काही खेपांतच बायांनी ताळा लावला होता. कोण कडबा काढायला लागतं, गोठ्यात कोण येतं, आबा घरी कोणत्या तोंडानं येतात. गिरणीवालीला माहीत, शिंपिणीला माहीत, शाळेच्या मास्तरांना माहीत. आबांची लेक कोपरगावला दिलेली, तिलासुद्धा माहीत. बाकावरच्या माणसांना तर रिंगेवरून जोडीला साधारण काय भाव आला असेल याच्या पैजा लावायची सवय होती. माहीत नव्हतं ते फक्त आबांना आणि शेठना, की इतरांना माहीत आहे.

मी कागद काढला. सगुणाबाईंनी पिठाचे हात वर केले. "न्हाई बाई. त्येंना कळलं तर रीत बदलतील. मग साऱ्यांनी पुन्यांदा शिकायचं. आन् बाजारात त्येंच्या शब्दाला मान हाय, त्यो का घालवू?"

मी कागद पुन्हा पिशवीत ठेवला. कालच मी त्यांच्या नवऱ्याचा रुमाल उचलला होता, आज बायकोला उचलायला सांगत होते. मग सगुणाबाईंनीच मिलिंदला विचारलं, तुज्या त्या शेडात पोरी हायत म्हनं, त्या कुठल्या? त्यानं सांगितलं. कोणाची मुलगी, कोणाची सून, एकीचं लग्न मोडून ती माघारी आलेली, तिला घरातून निघायला हेच एक निमित्त. त्या शेंगोळे वळत ऐकत होत्या. बोटाएवढी वळी करायची, टोकं जोडायची, ताटात सोडायची. शेवटचा सोडून झाल्यावर म्हणाल्या, येऊ द्या त्येंना. चोरून न्हाई लिवायचं. मीच सांगते.

आबा बैल दावणीला बांधून आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. आम्हाला पाहून चकित झाले, पण पाहुण्यांना का आलात असं विचारायची तिकडे पद्धत नाही. हुलग्याचे शेंगोळे वाफाळत होते. पहिला घास घेऊन ते म्हणाले, थंडीचं बरं केलंस, मनातलं वळखलंस.

"येरवी बी वळखतेच की," सगुणाबाई म्हणाल्या. "जोडी माघारी आली की शेंगोळे, गेली की पोळी. कदी चुकलंय का? कदी इचारलंत, हिला कसं कळतंय?"

आबांचा घास तोंडातच राहिला. तो गिळून त्यांनी विचारलं, "कवापास्नं?"

"शेठनं फोन बसवला तवापास्नं."

"आनिक कोनाला ठाव हाय?"

सगुणाबाईंनी नावं घ्यायला सुरुवात केली आणि ती संपेनात. लेकीचं नाव आलं तेव्हा आबा उठले आणि बैलांपाशी जाऊन उभे राहिले. मी इकडे पुढ्यातलं ताट पाहत बसले. खरं सांगायचं तर असे शेंगोळे मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत, पण त्या वेळी मी ते ताटात नुसते फिरवत होते.

आबा परत आले ते माझ्यापाशी नाही, मिलिंदपाशी. त्याला म्हणाले, तुजं काम ह्याच्यावर अडलंय ना? मग बायकूच्या बोलन्यावर कशाला, साऱ्या गल्लीनंच बोलावं. सकाळी बघू.

सकाळी आबा दुकानापुढे उभे राहिले आणि त्यांनी एकेकाला विचारलं. पण समोर आबा उभे असताना कबूल कोण करणार? गिरणीवाली म्हणाली, आमाला बाई पिठातलं सोडून काय कळतंय. मास्तर म्हणाले, मी वर्गात असतो. बाकावरची माणसं नदीकडे वळली. ज्या गुपिताला गावात कुलूपच नव्हतं त्याच्यावर आता सगळ्यांनी मिळून कुलूप घातलं, आणि तेही निव्वळ भल्या मनानं. मी कागद गुंडाळायला घेतला.

आबा मात्र व्यापारी होते. त्यांनी मिलिंदला बाजूला घेऊन काही सांगितलं आणि तो स्टेशनकडच्या बूथवर गेला. आबा घरी चाललो असं सांगून निघाले आणि मागच्या दारानं दुकानात येऊन साखरेच्या पोत्यांमागे बसले. शेठ गल्ल्यावर, मी पोत्यांच्या या बाजूला. गल्ली पुन्हा आपल्या कामाला लागली.

फोन वाजला. दोनदा. थांबला.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली. "दोनदा?" ती म्हणाली. "आन् बैल तर दावनीला दिसत्यात."

बाकावरचा एक जण उठून गोठ्याकडे बघायला लागला. "कुनाशी बोलनं झालं असंल काल. सगुणाकाकूनं पोळ्या टाकल्या का बघा."

मास्तर शाळेच्या वाटेवर होते, तेही थांबले आणि म्हणाले, इतक्या सकाळी कसा वाजला?

आबा पोत्यांमागून उठले. धोतराला लागलेली साखर झटकली. ओट्यावरच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. बाकी कोणी कोणाकडे बघेना.

"लिवा बाई," आबा मला म्हणाले. "साऱ्यांची नावं लिवा. माजं बी लिवा. मला ठाव न्हवतं, त्ये बी लिवा."

मी दुपारपर्यंत लिहीत होते. आता लपवायला काही उरलं नव्हतं, तर लोक एकमेकांच्या पुढे घुसून सांगत होते की आपल्याला सगळ्यात आधी कसं कळलं. शेठनी सर्वांना चहा पाजला. आबा शेवटी सही करायला आले तेव्हा मी पुन्हा एकदा त्या मोडलेल्या सौद्याची माफी मागितली. ते म्हणाले, ती जोडी घोडेगावलाच गेली असती तर परवाच पोळी झाली असती, आन् तुमी काल माफी मागायला आमच्या चुलीपुढं आलाच नसता.

पुन्हा नगर

सुनावणीला मी हजर होते. थोरलीच्या वकिलांनी सांगितलं की खेड्यातली ही करमणूक आणि आमचं यंत्र यांचा संबंध नाही. आमच्या साहेबांनी पुणतांब्याचे जबाब वाचले. शेंगोळ्यांपाशी आल्यावर न्यायाधीशांनी त्यांना थांबवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मनाई उठली. मूळ दावा पुढे रेंगाळला आणि एक दिवस थोरली-धाकटीनं आपसात मिटवलं. कशावर मिटलं ते आम्हाला कळलं नाही, जावांचं कधी कळतं?

काही महिन्यांनी कचेरीच्या दुसऱ्या कामासाठी नगरला गेले तेव्हा शेडवर डोकावले. मुली टेबलांवर वाकलेल्या होत्या, सोल्डरिंगचा तो राळेसारखा वास भरून राहिला होता, आणि माघारी आलेली ती मुलगी आता नव्यांना शिकवत होती. मिलिंदनं मला एक नवी पेटी दाखवली. ही विहिरीवर बसवायची. घरून फोन एकदा वाजवला की मोटार चालू, दोनदा वाजवला की बंद. शेतकऱ्याला चिखलातून जायला नको. मी ती उलटून पालटून पाहिली, जणू मला त्यातलं कळत होतं. मग वाटलं, वकिलाच्या कचेरीत इतकी वर्षं काढली, याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्या. म्हटलं, अरे, दुसरं कोणी उचलायच्या आत याचं पेटंट घे.

त्यानं पेटी माझ्या हातातून काढून घेतली, पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला,

"अर्ज टाकलाय मावशी, मागच्याच महिन्यात. आता तेवढं पुणतांब्यात कुणाला काही विचारायला जाऊ नका."